सेल्फ मारताना सायलेन्सरकडे बघा

केरीहून चोर्ल्याचा घाट चढताना जुनी डिझेल गाडी दोन आचके देते आणि बंद पडते. पुढचं बहुतेक ठिकाणी सारखंच घडतं. चालक किल्ली फिरवतो, सेल्फ वीस-पंचवीस सेकंद घुरघुरतो, पुन्हा किल्ली, पुन्हा घुरघुर, आणि आठव्या-नवव्या वेळी बॉनेटखालून नुसतं टक्-टक् ऐकू येतं. मूळ बिघाड डिझेलच्या पाइपात शिरलेल्या हवेचा होता. दोन पाने आणि वीस मिनिटं, एवढंच काम होतं ते. आता वर बॅटरीही उतरली.

डिझेल गाडीचा सेल्फ २०० अँपिअरच्या वर करंट ओढतो. म्हणून तो सलग १० सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही आणि दोन वेळांमध्ये निदान एक मिनिट थांबायचं. आणि प्रत्येक वेळी कुणाला तरी मागे सायलेन्सरपाशी उभं करायचं. जुन्या डिझेल गाडीचं निम्मं निदान तिथेच होतं. सेल्फ फिरतोय पण धुराचा मागमूस नाही, याचा अर्थ डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पांढरट, डोळ्यांना झोंबणारा धूर येतोय पण इंजिन धरत नाही, याचा अर्थ डिझेल पोचतंय पण पेटत नाही. या दोन्हींचे उपाय वेगळे, आणि रस्त्यावरचा बहुतेक वेळ वाया जातो तो एकाचा उपाय दुसऱ्यावर केल्यामुळे.

पाना हातात घेण्याआधी मात्र आपली गाडी कोणत्या पिढीची हे माहीत हवं. ॲम्बेसेडर डिझेल, जुनी टाटा सुमो, सुरुवातीची इंडिका, महिंद्राच्या जुन्या जीप आणि बोलेरो, क्वालिस, झेन डिझेल या मेकॅनिकल पंपाच्या गाड्या. पंप दाब तयार करतो, चार जाड लोखंडी पाइप तो सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या चार नोझलना देतात, कॉम्प्युटरचा संबंध नाही. इनोव्हा, स्विफ्ट-डिझायरचं १.३ लिटरचं फियाटचं इंजिन, सीआरडीआय आणि सीआरडीई लिहिलेल्या गाड्या या कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून, रेलमधून, डिझेल देणाऱ्या. पहिल्या प्रकारात नोझल साधारण १२० ते २५० बारला उघडतं. दुसऱ्या प्रकारात रेलमध्ये हजार-दीड हजार बार दाब असतो. टायरमध्ये आपण दोन-सव्वादोन बार भरतो, त्यावरून अंदाज करा.

या फरकामुळे एक गोष्ट ठाम सांगायची आहे. नोझलचा नट सैल करून हवा काढणं हे मेकॅनिकल पंपासाठीच. कॉमन रेलच्या त्या पाइपांना सेल्फ मारताना किंवा इंजिन चालू असताना पाना लावायचा नाही, म्हणजे नाहीच. त्या दाबाची धार हातमोज्यातून आणि कातडीतून आरपार आत जाते. वरून टाचणीएवढा ठिपका दिसतो, सुरुवातीला दुखतही नाही, पण आत मांस सडायला लागतं. असं झालं तर गाडी तिथेच सोडून सरळ बांबोळीला गोमेकॉत, गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, जायचं आणि ‘दाबाखालचं डिझेल आत गेलंय’ हे शब्द डॉक्टरांना सांगायचे. तशी धार मेकॅनिकल पंपाच्या चालू नोझललाही बोट लावून तपासायची नसते.

धूर नाही

किल्ली ‘ऑन’ करा, सेल्फ मारू नका, आणि पंपाजवळ कान द्या. मेकॅनिकल पंपांतल्या गोल, रोटरी पंपावर डिझेल बंद करणारा एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, असतो, साधारण अंगठ्याएवढा, वर एक वायर. किल्ली फिरवताच तो ‘टिक’ वाजला पाहिजे. वाजला नाही तर वायर काढून बॅटरीच्या प्लसवरून एक तुकडा थेट त्याच्या टोकाला लावा. आता वाजला तर दोष फ्यूज, वायर किंवा किल्लीच्या स्विचात आहे आणि त्या तुकड्यावर गाडी घरी जाते. थेट वायर लावूनही गप्प असेल तर सोलेनॉइड गेला. तेव्हा तो सगळा खोलायचा, बहुतेक वेळा २४ चा पाना लागतो, आतली दांडी आणि स्प्रिंग काढून खिशात ठेवायची आणि रिकामी बॉडी पुन्हा बसवायची. खोलण्याआधी भोवतालची माती ब्रशने आणि डिझेलने धुऊन घ्या, तिथून आत गेलेला एक कणही पंप खराब करू शकतो. आता गाडी चालू होईल, पण किल्लीने बंद होणार नाही. बंद करताना पंपावरचा स्टॉप लिव्हर दाबायचा, तो नसेल तर ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडायचा.

सोलेनॉइड ठीक असेल तर संशय हवेवर. इथे थोडं थांबून सांगतो, कारण रस्त्यातले बिघाड सर्वांत जास्त इथलेच.

टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप ओढणारा असतो, ढकलणारा नव्हे. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी. त्यामुळे रबराला चीर गेली तर गाडी चालू असताना डिझेल बाहेर सांडत नाही, हवा आत जाते. खाली ठिबकलेलं काही दिसत नाही म्हणून पाइप चांगला आहे असं समजायचं कारण नाही. हवा शिरण्याच्या जागा ठरलेल्या: टाकीवरच्या आणि फिल्टरजवळच्या रबरी पाइपांची टोकं, क्लिपखाली दबलेली आणि आतून फाटलेली जागा, फिल्टरच्या तोंडाचं रबर सील, वॉटर सेपरेटरच्या खालचा पाणी काढायचा स्क्रू, पाइप जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टचे तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वॉशर, हॅण्ड प्रायमरचा, म्हणजे हाताने डिझेल ओढायच्या छोट्या पंपाचा, आतला डायफ्रॅम. फिल्टर नुकताच बदलला असेल आणि दुसऱ्याच दिवशी गाडी रुसली असेल तर आधी तिथेच बघा. जुनं सील वरच चिकटून राहतं आणि त्यावर नवं बसतं, हे नेहमी होतं.

लक्षणही ओळखीचं आहे. आल्तिन्होच्या चढावर तोंड वर करून रात्रभर उभी केलेली गाडी सकाळी बराच वेळ सेल्फ घेते, आणि तीच गाडी तोंड खाली करून ठेवली तर पटकन चालू होते. डिझेल रात्रीत टाकीकडे उतरतं आणि त्याची जागा हवा घेते. हे दिसू लागलं की घाट चढायच्या आधी पाइप बदलायचे. ८ मिलिमीटरचा डिझेलचा रबरी पाइप दोन मीटर घेतला तर बहुतेक गाड्यांचे सगळे जोड होतात. पाण्याचा किंवा हवेचा पाइप लावू नका, डिझेलने तो फुगतो आणि मऊ होतो.

हवा काढायची रीत अशी. फिल्टरच्या डोक्यावर हॅण्ड प्रायमर असतो, दाबायचं बटण किंवा फिरवून मोकळी होणारी दांडी, काही गाड्यांत पाइपातच रबरी फुगा. शेजारी एक छोटा स्क्रू असतो, १० चा किंवा १२ चा पाना लागतो. तो दीड-दोन फेरे सैल करा, खाली फडकं धरा आणि पंप मारत राहा. आधी नुसता फुसफुस आवाज, मग पांढरा फेस, मग डिझेलमध्ये मोठे बुडबुडे, मग बारीक मोहरीएवढे. बारीक बुडबुडे संपून सलग, काचेसारखी धार आली की पंप दाबलेलाच ठेवून स्क्रू घट्ट करायचा. दाब सोडून घट्ट केला तर तेवढ्यात थोडी हवा परत आत जाते. मग प्रायमर कडक लागेपर्यंत मारायचा. शंभर वेळा मारूनही कडक लागत नसेल तर एकतर टाकी रिकामी आहे, काटा काहीही दाखवो, किंवा पाइप कुठेतरी उघडा आहे. एक साधी तपासणी आहे: फिल्टरला येणारा पाइप काढून डिझेल भरलेल्या बाटलीत बुडवा आणि पंप मारा. आता कडक लागला तर दोष फिल्टरच्या मागे, टाकीच्या बाजूला. नाही लागला तर फिल्टर किंवा प्रायमर. वेळ असेल तर पंपाच्या तोंडाशी एक वीतभर पारदर्शक पाइप जोडून इंजिन चालवा, बुडबुडे डोळ्यांना दिसतात.

फिल्टरपर्यंत हवा निघाल्यावर, लांब ओळीचा इनलाइन पंप असेल तर पंपावरचाही हवेचा स्क्रू असाच सोडायचा. मग कोणत्याही दोन नोझलवरचे नट, सहसा १७ चे, अर्धा-एक फेरा सैल करायचे. पुन्हा सांगतो, फक्त मेकॅनिकल पंपावर. सेल्फ १० सेकंद मारा. नटाखालून डिझेल ठोक्याठोक्याने उडायला लागलं की घट्ट करा. इंजिन दोन-तीन सिलिंडरवर अडखळत धरतं, थरथरतं आणि अर्ध्या मिनिटात सुरळीत होतं. नट पूर्ण जोर लावून पिळू नका, पाइपाच्या टोकाचा शंकू दबला की तो जोड पुन्हा कधीच धरत नाही.

कॉमन रेलच्या गाडीत टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर किल्ली ऑन करून १५ सेकंद थांबा, ऑफ करा, असं पाच-सहा वेळा. टाकीजवळ बारीक गुणगुण ऐकू आली पाहिजे. नाही आली तर पंपाचा फ्यूज बघा आणि रिले बदलून बघा. हॉर्नचा रिले अनेकदा त्याच नंबरचा असतो, तो काढून पंपाच्या जागी लावता येतो. त्याच गाड्यांचा दुसरा नेहमीचा बिघाड हवेचा नव्हे, टर्बोच्या पाइपाचा: चढावर अचानक ताकद गेली, मागे काळा धूर, ॲक्सिलरेटर दाबला की फुस्स आवाज. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा जाड होज क्लिपमधून निसटलेला असतो. तोंड पुसून कोरडं करा, होज पूर्ण आत बसवा आणि क्लिप आवळा. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते माहीत नसल्याने गाड्या टो होऊन जातात.

शेवटची एक जागा, सगळे विसरतात ती: नोझलवरून परत जाणारे बोटापेक्षा बारीक, कापडी विणीचे रिटर्न पाइप. आठ-दहा वर्षांत ते बिस्किटासारखे तुटतात. तिथूनही हवा जाते, आणि शेवटच्या नोझलवरचं रबरी टोपण गळून पडलं तर डिझेल इंजिनावर सांडतं. मीटरभर पाइप आणि दोन टोपणं डिकीत असू द्यात.

डिझेलमधलं पाणी

गोव्याचा पावसाळा चार महिन्यांचा, आणि बऱ्याच गाड्या तेव्हा हललेल्याच नसतात. मालक तारवटी, बोटीवर गेलेला, गाडी शेडमध्ये, टाकी पाव भरलेली. रिकाम्या भागातली दमट हवा रात्री थंड पत्र्यावर पाणी सोडते आणि ते तळाशी साठतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या पातळीवर जंतू वाढतात, त्यांचा काळा, शेवाळासारखा चिकट थर होतो आणि तो पहिल्या लांब प्रवासात फिल्टरमध्ये येऊन बसतो. सपाटीवर गाडी नीट चालते, बोरीच्या पुलापर्यंत काही कळत नाही, आणि चढावर जास्त डिझेल लागलं की गुदमरते. महिनाभर उभी राहणारी गाडी टाकी पूर्ण भरूनच ठेवा, एवढं एक केलं तरी पुरे.

पाणी काढणं सोपं आहे. फिल्टरच्या किंवा सेपरेटरच्या बुडाचा प्लास्टिक स्क्रू हाताने दोन-तीन फेरे सोडा, खाली अर्ध्या लिटरची पारदर्शक बाटली धरा, प्रायमर मारा. साधारण कपभर निघालं की स्क्रू बंद करून बाटली बॉनेटवर ठेवा आणि पाच मिनिटं हात लावू नका. पाणी जड, ते खाली बसतं आणि मध्ये स्पष्ट रेघ दिसते. रेघ दिसते आहे तोवर पुन्हा काढा. खाली काळे तुकडे दिसले तर नुसतं पाणी काढून भागणार नाही, फिल्टर बदलावा लागेल. काढलेलं डिझेल ओहोळात किंवा गटारात ओतू नका, बाटली बंद करून पंपवाल्याकडे न्या.

मीटरवर पाण्याचा पिवळा दिवा लागल्यावर ‘पणजीला पोचून बघू’ असं कॉमन रेलमध्ये करू नका. त्या पंपाला आणि नोझलना वंगण म्हणून डिझेलच असतं. पाणी वंगण देत नाही, आणि पंप झिजून त्याची धातूची पूड रेलभर पसरली की पंप, रेल आणि चारही नोझल एकदम बदलावी लागतात.

पांढरा धूर येतो, इंजिन धरत नाही

गोव्यात थंडी ती कसली, तरी इंडिका, क्वालिस, झेन डिझेल यांसारख्या इंजिनांत डिझेल आधी एका छोट्या वेगळ्या कप्प्यात पेटतं, आणि त्या कप्प्याच्या भिंती सकाळी दाबाची उष्णता शोषून घेतात. म्हणून तो कप्पा आधी तापवणारा हीटर प्लग लागतोच. तपासायला १२ व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब पुरतो. चारही प्लगना जोडणारी पट्टी काढा, बल्बचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं एकेका प्लगच्या टोकाला. बल्ब पेटला तर प्लग जिवंत. चारातले दोन मेले असले तरी गाडी सकाळी छळते आणि दुपारी गुणी होते. जुने प्लग थंड इंजिनात जोर लावून काढू नका. मोडून हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, राहिले तर हेड उतरवावं लागतं. गरम इंजिनात, एक दिवस आधी गंजाचं तेल सोडून, हलके पुढे-मागे करत काढायचे.

प्लग ठीक असूनही धूर पांढरा असेल तर सेल्फ पुरेसा वेगाने फिरतोय का ते बघा. इथे येतो गोव्याचा खास शत्रू, खारी दमट हवा. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड दिसते ती सगळ्यांना माहीत आहे. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवायची, कोरडी करून व्हॅसलिन लावायचं. पण इंजिनापासून चासीला, गाडीच्या सांगाड्याला, जाणारी अर्थिंगची विणलेली पट्टी कुणी बघत नाही. ती आतून काळी पडते. वरून तांब्याची वाटते, करंट मात्र जात नाही. तपासणी: जम्पर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं सरळ इंजिनाच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारा. एकदम जोरात फिरला तर पट्टी बदला, नवी बॅटरी घ्यायची गरज नाही. मीटर असेल तर आकडे लक्षात ठेवा: गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५.

मेकॅनिकल पंपाची गाडी धक्क्यावर चालू होते आणि बेल्ट शाबूत असेल तर अल्टरनेटरने बॅटरी चार्ज करणं सोडलं तरी दिवसाउजेडी बरीच लांब जाते, तिला फक्त सोलेनॉइडपुरता करंट लागतो. कॉमन रेलला कॉम्प्युटर, पंप, नोझल सगळ्यांना वीज हवी. चार्जिंगचा दिवा लागला की एसी, रेडिओ, पंखा बंद करून जवळच्या वस्तीत पोचा, घाट उतरायला घेऊ नका.

घाट, पाणी आणि ब्रेक

मोलेहून अनमोडकडे चढताना पुढे मालवाहू ट्रक, वेग पंधरा-वीस, गिअर दुसरा. समोरून वारा नाही, सगळं थंड करायचं काम पंख्यावर. काटा वर जाऊ लागला की एसी बंद, काचा खाली आणि आतला हीटर पूर्ण वेगाने चालू. उकाड्यात तो त्रास सहन करायचा, कारण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच आहे. बाजूला घ्या. वाफ नसेल आणि बेल्ट शाबूत असेल तर इंजिन लगेच बंद करू नका, मंद चालू ठेवा, काटा उतरतो. वाफेचा लोट दिसला, पाणी सांडलं किंवा बेल्ट तुटला असेल तर त्याच क्षणी बंद.

मग पाऊण तास टोपीला हात नाही. ०.९ बारच्या टोपीखाली पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. टोपी उघडली की दाब जातो आणि ते पाणी तिथल्या तिथे वाफ होऊन तोंडावर येतं. थंड झाल्यावर इंजिन चालू करून पाणी थोडं थोडं घाला. तापलेल्या हेडवर एकदम थंड पाणी ओतलं तर हेडला तडा जातो. होज टोकाशी फाटला असेल तर फाटका भाग ब्लेडने कापून उरलेला पुन्हा बसवता येतो. मध्ये फाटला असेल तर स्वतःला चिकटणारी सिलिकॉन टेप ताणून तीन थर, आणि टोपी पहिल्या खाचेपर्यंतच लावायची, म्हणजे दाब धरत नाही. वेग कमी ठेवून, दर दहा किलोमीटरला पाणी बघत वस्तीपर्यंत जाता येतं. रेडिएटरमध्ये हळद टाकायचा उपाय बारीक छिद्रापुरता चालतो, पण तीच हळद नंतर हीटरच्या नळ्यांत गाळ होऊन बसते. मी ती टाकणार नाही.

इलेक्ट्रिक पंखा फिरत नसेल तर फ्यूज असलेल्या जाड वायरने थेट बॅटरीवर चालवा. विस्कस, म्हणजे बेल्टवर आतल्या तेलाच्या कपलिंगने फिरणारा पंखा असेल तर तापलेलं इंजिन बंद करून पातं हाताने ढकलून बघा: अडखळत फिरलं पाहिजे, मोकळं गरगर फिरलं तर कपलिंग गेलं. खाणपट्ट्यात, दिचोली-सांगेच्या बाजूला चालणाऱ्या गाड्यांच्या रेडिएटरच्या जाळीत तांबडी माती घट्ट बसते. ती इंजिनाच्या बाजूने बाहेर, साध्या नळाच्या पाण्याने धुवायची. जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात. आणि इथे बर्फ पडत नाही म्हणून कूलंट नको, हे चूक आहे. कूलंट गंजासाठी लागतं, नुसत्या विहिरीच्या पाण्याने पंपाची पाती खाल्ली जातात.

आता ती गोष्ट, जी जुन्या डिझेलच्या प्रत्येक चालकाला माहीत असायलाच हवी. पेट्रोल इंजिन स्वतः व्हॅक्यूम तयार करतं, डिझेल करत नाही. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम वेगळ्या पंपाने येतो, आणि टाटा-टोयोटाच्या बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत तो पंप अल्टरनेटरच्या पाठीलाच असतो. म्हणजे तो एक बेल्ट तुटला की चार्जिंग गेलं, बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंपही थांबला आणि दोन-तीन वेळा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक झाला. घाट उतरताना बॅटरीचा दिवा लागला तर तो बॅटरीचा प्रश्न समजू नका. ब्रेक पुन्हा पुन्हा सोडू-दाबू नका, एकदाच दाबून धरा, गिअर खाली आणा, डोंगराच्या बाजूला थांबा. ब्रेक जातो असं नाही, पण दोन्ही पायांचा जोर लागतो. त्याच पंपाला इंजिनाचं ऑइल पुरवणारी रबरी नळीही तपासा. ती फुटली तर काही किलोमीटरांत ऑइल संपतं.

टायमिंग बेल्ट तुटला तर रस्त्यावर उपाय नाही. सेल्फ नेहमीपेक्षा हलका, गरगर फिरतो, अडवणूक नसते. तेव्हा पुन्हा सेल्फ मारायचा नाही, टो करायची.

पावसात वाहत्या पाण्यातून जाताना गाडी बंद पडली तर तोच नियम, आणखी कडक. आकडा सांगतो: इंडिकाच्या १४०५ सीसी इंजिनात एक सिलिंडर ३५१ सीसीचा. दाब साधारण २२ पट धरला तर पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा १७ मिलिलिटरची. पोह्याचे तीन-चार चमचे पाणी आत गेलं तरी पिस्टन अडतो, आणि सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडा. कागद भिजलेला असेल तर हीटर प्लग किंवा नोझल काढून सेल्फ मारायचा, पाणी पिचकारीसारखं बाहेर येतं, मगच पुढचं. हे जाग्यावर होत नसेल तर टो.

आणि एक विरळा पण भयंकर प्रकार. टर्बोचं सील गेलं किंवा ऑइल जास्त भरलं गेलं की इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळू लागतं. दाट निळा-पांढरा धूर, वेग आपोआप वाढत जातो, किल्ली काढली तरी बंद होत नाही. तेव्हा क्लच दाबा, वरचा गिअर टाका, ब्रेक आणि हॅण्डब्रेक दोन्ही पूर्ण लावा आणि क्लच एकदम सोडा. इंजिन गुदमरून थांबतं. जमलं नाही तर हवा घेणाऱ्या पाइपाचं तोंड फळीने बंद करा. हात किंवा सैल फडकं नाही, ते आत ओढलं जातं. यातलं काही करण्याइतकं धैर्य नसेल तर सगळ्यांना खाली उतरवून लांब जा.

डिकीत काय असावं ते आता वेगळं सांगायची गरज नाही, पण मोजून ठेवा: ८, १०, १२, १३, १७, १९, २४ चे पाने, पकड, दोन स्क्रूड्रायव्हर, डिझेल फिल्टर आणि त्याचं सील, फॅन बेल्ट, दोन मीटर ८ चा पाइप, मीटरभर रिटर्न पाइप, सहा क्लिप, बँजोचे वॉशर, दोन मीटर वायर फ्यूजसकट, बल्ब, जम्पर केबल, सिलिकॉन टेप, पाच लिटर पाणी, एक लिटर ऑइल, पारदर्शक बाटली, टॉर्च. हा सगळा माल म्हापसा, फोंडा, मडगाव इथल्या स्पेअरच्या दुकानांत मिळतो, पण चवथीच्या दिवसांत दुकानं आणि गॅरेज दोन्ही बंद असतात, म्हणून चवथीला बेळगावला किंवा कोकणात जाणाऱ्यांनी आठवडाभर आधी घ्यावा. घाटात रेंज ठिकठिकाणी जाते, तेव्हा ११२ आणि महामार्गाचा १०३३ हे नंबर फोनमध्येच नाही तर सनव्हायझरवर लिहून ठेवा.

काम सुरू करण्याआधी त्रिकोण मागे पन्नास मीटरवर, आणि वळण असेल तर वळणाच्या अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला वळण्याआधी दिसेल असा. चाकाखाली चिरा, म्हणजे मोठा दगड, लावा, चढावर मागच्या चाकामागे, उतारावर पुढच्या चाकापुढे. आणि गाडी चालू झाली की सगळ्यात आधी एकाने खाली उतरून तो चिरा उचलून गटारापलीकडे टाकायचा. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीला तो दिसत नाही.